कोण हा एगबर्ट लामोथ?

आमच्या बेटावर माणूस मरतो तो दुपारी बाराच्या बातम्यांनंतर. त्याच्या आधी तो नुसता ‘गेला म्हणतात’ असतो. मी रेडिओवर वाचलं की मग तो खरा गेला. म्हणून तर पोरंटोरं मला रस्त्यात ‘मयतवाली’ म्हणतात. म्हणोत मेली! माझं नाव ओडेल आहे, पण त्या नावानं हाक आली तर मीच मागे वळून बघते, कोणाला बोलावताहेत म्हणून.

इथे सगळ्यांचंच असं. बाप्तिस्म्याचं नाव चर्चमध्ये राहतं आणि गावानं ठेवलेलं नाव आयुष्यभर चालतं. त्यामुळे मयताच्या निवेदनात एक शब्द हवाच हवा: ‘म्हणजेच’. श्री. अमुक अमुक, म्हणजेच आपला तमुक. त्या ‘म्हणजेच’साठी आमचं अख्खं हिल्सबरो गाव हातातलं काम थांबवून कान टवकारतं. पुढचं, म्हणजे कोण कोण मागे राहिलं, कोण ब्रुकलिनला आणि कोण टोरांटोला, ते सावकाश ऐकलं तरी चालतं.

गुरुवारी सकाळी बेकरीवरच्या आमच्या स्टुडिओत रोझमंड आली. ही इंग्लंडात हडर्सफील्डला मोठी नर्स आहे. बाप मोठ्या बेटावरच्या इस्पितळात गेला, शेवटी ती आणि तिची आई जवळ होती. पहाटेच्या बोटीतून त्याला घेऊन दोघी आल्या त्या थेट वरच्या डोंगरावर, त्यांच्या घरी. शनिवारी माती द्यायची होती. मी तिला जवळ घेतलं, चार शब्द बोलले, आणि निवेदनाचा कागद वाचला.

“अगं, यात ‘म्हणजेच’ राहिलंय.”

“राहिलं नाही, मिस ओडेल. मी काढलंय.”

“काढून कसं चालेल? लोकांना कळायचं कसं?”

“माझ्या बाबांचं नाव एगबर्ट थिओफिलस लामोथ होतं. तेच वाचायचं.”

आता तिच्या बापाला अख्खं बेट काय म्हणायचं? कोंबडीचोर. का, तर लहानपणी कुणाच्यातरी लग्नात तो टेबलाखाली सापडला आणि मांडीवर कोंबडी. तो म्हणायचा, तीच येऊन बसली. मला विचाराल तर तीच येऊन बसली असणार, कारण त्या माणसाच्या अंगात चोरी सोडाच, साधं खोटं बोलायचीही ताकद नव्हती. पुढे त्यानं स्वतःच्या कोंबड्या पाळल्या आणि अर्ध्या बेटाला अंडी फुकट वाटली. पण नाव एकदा चिकटलं ते चिकटलं.

“रोझमंड, लाजण्यासारखं काय आहे त्यात? इथे लोक प्रेमानं...”

“प्रेमानं?” ती एकदम उसळली. “शाळेच्या वाटेवर रोज पोरं माझ्यामागे कॉक कॉक करत यायची. दप्तरात पिसं टाकायची. हेडमास्तरसुद्धा हसायचे! मी हे बेट सोडलं ना, तेव्हा बोटीवर पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. बाबांच्या शेवटच्या दिवशी मला ते नाव ऐकायचं नाही. आणि तुम्ही खाजगीतही कोणाला सांगायचं नाही. शब्द द्या.”

तिचा चेहरा बघून मी शब्द दिला. गाढवपणा केला, दुसरं काय! आमच्या रेडिओचा नियमही तसाच आहे. घरचे देतील तेच वाचायचं, पदरचं घालायचं नाही. नाहीतर लोक आपापली भांडणं माझ्या तोंडून करतील.

बाराला वाचलं. एरवी मयत वाचलं की फोन घणघणायला लागतो. त्या दिवशी एकच आला.

“मयतवाले, हा लामोथ कोण गं? कुठल्या बोटीवर होता का?”

“घरच्यांना विचार,” असं म्हणून मी फोन ठेवला. जीभ नुसती चुरचुरत होती.

संध्याकाळी डोंगरावर गेले. त्यांचं घर रस्त्याच्या अगदी टोकाला, पुढे नुसत्या शेळ्या. अंगणात चर्चमधून आणलेली बाकडी ओळीनं मांडलेली. चुलीवर ओल्या तुरीचा भात, भाजलेले नीरफणस, कडक रमच्या बाटल्या, सगळं तयार. आणि माणसं? शेजारची दोन घरं, पाद्रीबाबा आणि मी. टँटी फिलोमीन, म्हणजे आमची फिलोमीन मावशी, कोंबडीचोराची बायको, दाराशी खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसली होती. आमच्याकडे मयताला किती माणूस आलं यावर तो किती जगला ते ठरतं. नवरा गेल्याचं दुःख तिला होतंच, पण कोणी न आल्याचं हे वरचं दुखणं तिला सोसवत नव्हतं.

“ओडेल, आमचं काही चुकलं का गं?” तिनं हळूच विचारलं. “एवढी अंडी खाल्ली सगळ्यांनी. शेवटी खांदा द्यायलाही कोणी नाही?”

मी रोझमंडकडे बघितलं. ती बशा पुसत होती. पुसलेल्याच बशा परत पुसत होती. माझा असा संताप झाला म्हणून सांगू! पण शब्द दिलेला.

शुक्रवारी सकाळी स्टुडिओत निघाले तर धक्क्याजवळच्या बदामाच्या झाडाखाली ढेकर बसला होता. ढेकर म्हणजे कोंबडीचोराचा डोमिनोच्या डावातला सोबती. त्याचं खरं नाव मला माहीत नाही. समोरची खुर्ची रिकामी, टेबलावर सोंगट्या मांडलेल्या, आणि हा तोंडाचा पट्टा सोडून बसलेला.

“बघ ना मयतवाले! हा कोंबडीचोर मोठ्या बेटावर जाऊन बसलाय तब्येत दाखवायला. काल बोट आली, हा काही खाली उतरून आला नाही. घरी जाऊन झोपला असेल, आळशी! येऊ दे, असा हरवतो ना त्याला...”

“ढेकर, काल रेडिओ ऐकलास?”

“ऐकला की. इथेच बसून ऐकला. कोणी लामोथ मेला म्हणालीस. मी टोपी काढली. कोण का असेना, माणूस तो माणूस.”

मग मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. शब्द गेला चुलीत!

“अरे, तो लामोथच तुझा कोंबडीचोर.”

तो आधी हसला, मी थट्टा करतेय असं वाटून. मग माझे डोळे भरलेले दिसले. त्यानं एकेक सोंगटी उलटी केली, सगळ्या डब्यात भरल्या, डबा काखेत मारला आणि म्हणाला, “चल.”

बसनं डोंगर चढेपर्यंत तो डबा घट्ट धरून बसला होता. फाटकाशी मात्र सवयीनं त्याच्या तोंडून निघालंच, “ए कोंबडीचोरा, नीघ बाहेर!” आणि स्वतःच्याच आवाजानं तो दचकला.

टँटी फिलोमीन धडपडत बाहेर आली. “नाही रे तो,” एवढंच म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

रोझमंड दारात आली. माझ्याकडे असं बघितलं की काही विचारू नका. “मिस ओडेल, तुम्ही शब्द दिला होता.”

“दिला होता. मोडला. आता मार मला.”

तेवढ्यात ढेकरच बोलला. हात जोडल्यासारखे डब्याभोवती धरून.

“बाई, माझ्यावर रागावू नका. मला त्याचं दुसरं नावच माहीत नव्हतं हो. काल रेडिओवर ऐकलं आणि मी टोपी घालून परत सोंगट्या पिसायला लागलो. तो मेला, आणि मी त्याला शिव्या घालत बसलो होतो, अजून कसा येत नाही म्हणून.”

रोझमंडनं आईकडे बघितलं, रिकाम्या बाकड्यांकडे बघितलं. मग ती झटकन आत गेली. बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते.

“वाचा,” ती म्हणाली. “पण हसायचं नाही.”

“हसणारी मी कोण, बये? मला मयतवाली म्हणतात!”

तिला हसू आलं, तिनं ते दाबलं.

बाराला वाचलं. श्री. एगबर्ट थिओफिलस लामोथ, म्हणजेच आपला कोंबडीचोर. इतकी वर्षं मयतं वाचते, आवाज कधी हलला नाही, त्या दिवशी ‘आपला’वर हलला. निवेदन संपायच्या आत फोन घणघणला. “अगं, हा आपला? आधी नाही सांगायचं?” दुसरा फोन, तिसरा, मग मी मोजायचं सोडून दिलं. खाली बेकरीवाल्यानं भट्टी तशीच टाकून जिन्यातून ओरडून विचारलं, पाव किती पाठवू?

शनिवारी माणूस एवढं लोटलं की चर्चमध्ये मावेना. खिडक्यांत लोक, भिंतीवर लोक. खांदा द्यायला भांडणं झाली, आणि जिंकला ढेकर. मातीवरून सगळे डोंगरावर जेवायला. चुलीपाशी टँटी फिलोमीन माझ्यावरच घसरली.

“मयतवाले, काय वाचलंस ते! एवढ्यांना भात पुरवू कुठून मी?” ती ओरडत होती, रडत होती, आणि मधूनच रस्त्याकडे बघून मान डोलावत होती.

अजून बसगाड्या येतच होत्या. पार दुसऱ्या टोकाच्या विंडवर्डकडची एक बस फाटकाशी थांबली, माणसांनी गच्च भरलेली. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. फाटकात रोझमंड उभी होती, हडर्सफील्डहून आणलेली काळी हॅट घालून.

“बाई, कोंबडीचोराचं घर कुठलं हो?”

मी भाताचा डाव हातात धरून तिथेच थबकले.

रोझमंडनं हॅट काढली, काखेत मारली आणि फाटक सताड उघडलं.

“हेच,” ती म्हणाली. “या, आत या. मी त्याची मुलगी.”