दुधनेपल्याडची हाक

ही गोष्ट कुणालाच खरी वाटायची नाही. माझ्या भोपळ्यात शेळी व्याली होती तेव्हाही गाव हसलं होतं, आणि ती गोष्ट तर मी करडू मांडीवर घेऊन सांगितली होती. ही त्याहून अवघड आहे. तरी सांगावी लागली, कारण पणतवाच्या बारशाला माझ्या डोळ्यांदेखत एक नाव चोरीला चाललं होतं.

पाळणा ओसरीवर बांधला होता. माझी बायको शांतम्मा भिंतीला टेकून पातेल्यातल्या घुगऱ्या निववत बसली होती. नात शिवरंजनी, म्हणजे लेकराची आत्या, सेलूहून नवऱ्याच्या मोटारसायकलवर आली होती. दुधनेच्या पुलावरून येताना खाली पाणी आहे का वाळू, हेसुद्धा तिनं बघितलं नसेल.

आमच्यात नाव ठेवायचा मान आत्याचा. बापानं ठेवायचं नाही, आज्यानं तर नाहीच. आत्या लेकराच्या कानाशी वाकते, कुर्र करते, बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात आणि नाव कानात पडतं. तोवर लेकरू बिननावाचं.

शिवरंजनी वाकायच्या आत मी सहज विचारलं, "काय ठरवलंय ग?"

ती भावजयीकडं बघून हसली. माझी नातसून त्रिवेणी म्हणाली, "शिवकांत, अप्पा. तुमी रोज सकाळी पूजेला बसले की घेता न ते नाव. मला वाटलं, देवाचंच हाय. म्हणून मनात धरलं."

मी म्हणालो, "ते नाव रिकामं न्हाई."

बायकांचे उचललेले हात तसेच राहिले. शेजारचा आश्रुबा खांबाला टेकून बसला होता. माझ्या बरोबरीचा माणूस, आणि माझ्या थापा पकडायच्या एवढाच त्याला उद्योग. तो म्हणाला, "नावाचाबी सातबारा निघाला का, गुरुसिद्धप्पा?"

"निघाला. कबजा माझ्या थोरल्याचा हाय."

"थोरले तर आमचे बाबा," नातू शिवप्रकाश म्हणाला. "ते तर शिवशंकर."

"त्याच्या आधी एक होता."

हे घरात कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे एकीला होतं. पातेल्यात फिरणारा तिचा हात थांबला, पण तिनं मान वर केली नाही. मग मी सांगायला लागलो.

तर ऐका. तेव्हा दुधनेवर पूल नव्हता. गाव ह्या काठाला, सेलूची वाट त्या काठाला. पावसाळ्यात गूळ आटवायची मोठी काईल पाण्यात सोडायची, तिच्यात बसून माणसं नदी उतरायची. श्रावणात मला पोरगं झालं. मी पाथरीला जाऊन बहिणीच्या, पार्वतीच्या, तोंडात साखर घातली आणि तिथंच आमचं नाव ठरलं. घरी येऊन ते मी तुमच्या आज्जीच्या कानात सांगितलं. चौथ्याला खबर नाही. आत्यानं ठेवायच्या आधी नाव बाहेर फुटलं तर लेकराला लाभत नाही म्हणतात.

बारशाच्या दिवशी दुधना आली. कशी आली म्हणून सांगू? मासे काठावरच्या चिंचेवर चढून चिंचा खायला लागले.

"श्रावणात चिंचा?" आश्रुबा म्हणाला.

"कवळ्या होत्या. पर मासळी गाभण होती, तिला चालतात."

बायका पदराआड हसल्या. शिवप्रकाशही हसला. गोष्ट रुळावर आली असं बघून मी पुढं निघालो.

पण त्या सकाळी लेकरू दूध ओढीना. अंग तव्यासारखं. सेलूला डॉक्टर होता. आम्ही दोघं लेकराला घोंगडीत गुंडाळून काठावर आलो. काईलवाल्यानं काईल उपडी घातली होती आणि तिच्यावर बसून तो विडी ओढत होता. मी हात जोडले. तो म्हणाला, "अप्पा, मी बुडायला तयार हाय. पर तुमाला बुडवून मी वरी जाऊन काय सांगू?" एवढा मोठा गडी, पण त्याला रडू फुटलं.

तेवढ्यात पल्याड बघतो तर पार्वती उभी. बारशाला निघालेली, डोक्यावर गाठोडं. गाठोड्यात काय असणार, अंगडं, टोपडं, कुंची. हिरव्या खणाची कुंची ती शिवायला घेणार म्हणाली होती. मी लेकरू दोन्ही हातांनी वर धरलं आणि तिला दाखवलं. ती हलली नाही. कळलं तिला.

त्रिवेणी पाळण्याची दोरी धरून होती. हळूच म्हणाली, "अप्पा, मग नाव तुमीच का न्हाई म्हणलं त्याच्या कानात? जवळ तर तुमीच होते."

"बापाचं काम न्हाई ते, बाई."

नाव माझ्या तोंडात होतं, दातांच्या मागंच. पण ज्याचा त्याचा मान असतो. आत्या नसतीच, मेलेली असती, परमुलखात असती, तर गोष्ट निराळी. आत्या समोर दिसायलीय, अंगावर नवं लुगडं नेसून आलीय, आणि बापानं मधेच तोंड घालायचं? मी वाट बघितली. दोन्ही काठांवर माणसं उभी होती, सगळ्यांनीच वाट बघितली.

आणि मग, आश्रुबा, आता तू हसशील, पण पार्वतीनं गाठोडं खाली ठेवलं. दोन्ही तळहात तोंडाशी धरले आणि कुर्र केलं. पाठीत धपाटा घालायला तिकडं बाईमाणूस नव्हतं. तर दुधनेनंच एक लाट काठावर धाडली आणि तिच्या पाठीत धपाटा घातला. लुगडं भिजलं, पण विधी पुरा झाला. मग नदी गप झाली. भोवरे फिरायचे राहिले. काईलवाल्याची विडी विझली त्याचासुद्धा आवाज आला. पार्वतीनं नाव घेतलं आणि ते पाण्यावरून निघालं, बगळ्यासारखं, पाय न भिजवता. निम्म्या वाटेत एक बाभळ वाहत चालली होती. तिच्या फांदीवर टेकलं, दम घेतला, पुन्हा उडालं.

आश्रुबानं विचारलं, "कोन्या कानात शिरलं?" त्याचा आवाज थट्टेचा नव्हता.

"उजव्या. त्यो वरच्या अंगाला होता."

लेकरानं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं आणि ओ दिली. तेवढं लेकरू ओ देत नसतं, मला माहीत आहे. त्यानं दिली. दिवस मावळायला ते गेलं. पण गेलं ते शिवकांत होऊन गेलं. बिननावाचं गेलं असतं तर काय झालं असतं, सांगा बरं. तिकडं लहान लेकरांची काय कमी गर्दी आहे? जगातून गेलेली सगळी तिथंच. त्यात माझं कोणतं, कसं हुडकायचं? कुणी काय म्हणून हाक मारायची त्याला? आता बरं आहे. मी रोज सकाळी पूजेला गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतलं की एकदा हाक मारतो. त्याला कळतं, बाप उठला. उद्या ह्या घरात त्याच नावाला दुसऱ्यानं ओ दिली, तर त्याला काय वाटेल? आपल्या बापानं आपलं होतं तेवढंही काढून दुसऱ्याला दिलं, असंच न?

माझं सांगून झालं.

कुणी हसलं नाही. शिवप्रकाश उगाच पाळण्याची गाठ तपासायला लागला. शिवरंजनीनं नाक पुसलं. आश्रुबा, ज्यानं माझी एक थाप आजवर सुखानं जाऊ दिली नाही, तो खाली बघून फरशीवर बोटानं रेघा ओढत होता. सगळ्या आयुष्यात माझी गोष्ट पहिल्यांदाच सगळ्यांनी खरी धरली.

त्रिवेणी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, अप्पा. ते नाव त्यांचंच ऱ्हाऊ द्या. आमी दुसरं ठेवतो."

"शिवराज ठेवू का, दादा?" शिवरंजनीनं भावाला विचारलं.

"ठेव. चांगलं हाय."

ती परत लेकराच्या कानाशी वाकली. बायकांनी हात उचलले.

"थांब ग," शांतम्मा म्हणाली.

तिनं पातेलं बाजूला सारलं. गुडघ्यांवर हात रोवून उठली आणि पाळण्याशी येऊन उभी राहिली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "खोटं हाय ते."

"शांतम्मा, ऱ्हाऊ दे."

"नदी गप झाली न्हाई. येवढी गरजायली व्हती की माजं रडनं मलाच ऐकू येईना. लेकरू तुमी वर धरून दावलं आन परत माज्या वट्यात दिलं. वन्संचं नुस्तं तोंड हलायलं व्हतं पल्याड. किती येळ हलायलं व्हतं. तुमी कानामागं हात धरून पान्यात उतरले, मांड्यांइतक्या पान्यात, काईलवाल्यानं मागून धोतर धरलं व्हतं तुमचं. तरीबी काय आलं न्हाई."

"आलं व्हतं."

"न्हाई आलं, अवो. डोळे उघडले न्हाईत त्यानं. ओ कुठली द्यायला. पानी उतरून वन्सं आल्या तवर आपुन त्याला माती देऊन बसलो व्हतो. ती हिरवी कुंची त्या तशीच माघारी घेऊन गेल्या. तुमी निजलेले व्हते भिंतीकडं तोंड करून, तुमी बघितली न्हाई. मी बघितली."

पाळण्यात लेकरू चुळबुळलं. तिनं वाकून त्याच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं.

"रोज सकाळी तुमच्या शेजारी बसते मी पूजेला. तुमी हाक मारता, आन मग गप बसता जरा येळ. मलाबी वाटतं, येईल का काय. कुनी ओ दिली न्हाई त्या नावाला. ते कुनाचंच झालेलं न्हाई अजून." मग तिनं शिवरंजनीच्या पाठीवर हात ठेवला, धपाट्यासाठी उचलतात तसा. "म्हन ग बाई, शिवकांतच म्हन. आन कानात नुस्तं पुटपुटू नको, मोठ्यानं म्हन. ह्यांनाबी ऐकू येऊ दे."