घडाघडा वाचणारी पोर

धाकट्या जावेच्या मुलाला शाळेने स्वतंत्र बाई दिली, त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाच्या पँटचा डावा पाय दोन इंच जास्त कापला.

मी कपडे दुरुस्त करते. चेन बदलायची, कंबर सैल करायची, फाटलेलं असं जोडायचं की शिवण कुठे आहे ते मलाही सापडू नये. दुकान रस्त्यालगत आणि समोरच शाळा, त्यामुळे बघायचं नाही म्हटलं तरी दिसायचंच. मधल्या सुट्टीनंतर गुंड्या, म्हणजे जावेचा मुलगा, त्या बाईंचा हात धरून व्हरांड्यातून चाललेला असायचा. रोज दोन तास त्या बाई फक्त त्याच्या. शेजारी बसून एकेक अक्षर सोडवून सांगायच्या. परीक्षेला वेळही जास्त. आणि माझी चिऊ त्याच वर्गात, तिसऱ्या बाकावर, चाळीस पोरांत एकटी.

कारण चिऊलाही वाचता येत नाही. हे तिघांनाच ठाऊक होतं: मी, चिऊ आणि तिचा बाप, आणि बाप सोयीस्कर विसरायचा. अक्षरं जागेवर थांबत नाहीत, असं ती म्हणते. पण पाठांतर विचारू नका. मी धडा दोनदा मोठ्याने वाचला की चार दिवसांत तोंडपाठ. कुठल्या शब्दाला पान उलटायचं तेही मी बसवून घेतलं होतं. बोट ओळीखालून न्यायचं, मध्येच एखाद्या शब्दाला अडखळायचं, म्हणजे खरं वाटतं. घरी कुणी आलं की चिऊ घडाघडा वाचून दाखवायची आणि मी कौतुक झेलत बसायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात ना. मी तर ती मूठ चारचौघांत मिरवत होते.

गेल्या वर्षी दोघांचंही लेखन कच्चं म्हणून जादा मदत हवी का ते ठरवायला शाळेने दोन्ही घरी फॉर्म दिले. मी लिहिलं, 'घरी छान वाचते, थोडी लाजाळू आहे.' तपासणीला आलेल्या बाईंनी चिऊपुढे नेमकं वर्गातलंच पुस्तक उघडलं. निकाल आला, 'मदतीची गरज नाही.' मला हायसं वाटलं होतं, हे कबूल करते.

यंदा मात्र पुस्तकं वाढली, धडे लांबले. पाठ करून निभेना. चिऊ सकाळी शाळेचे बूट घातले की ओकायला लागली. मी तिचं तोंड पुसत असायचे आणि खिडकीतून गुंड्या उड्या मारत शाळेत जाताना दिसायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"वशिला लावला असणार तिने," मी नवऱ्याला म्हटलं.

"गोदामात पार्सलं लावणाऱ्या बाईचा कसला आलाय वशिला?"

"तुम्हाला काय कळतंय? भावाची बायको ना ती, तिची बाजू घेणारच तुम्ही."

शेवटी मी मुख्याध्यापक बाईंकडे गेले आणि सरळ म्हटलं, गुंड्याचे दोन तास आहेत, त्यातला एक माझ्या मुलीला द्या.

"तो काय कापडाचा तागा आहे, फाडून अर्धा द्यायला?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी कोरा फॉर्म पुढे सरकवला. "पुन्हा तपासणी होऊ शकते. शुक्रवारपर्यंत भरून द्या, नाहीतर पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागेल. आणि यावेळी खरं लिहा. तुमच्या जाऊबाईंचा फॉर्म एकदा वाचा. मला दाखवता येणार नाही, त्यांच्याकडेच मागा."

तिच्याकडे मागायचा! त्यापेक्षा डबीभर टाचण्या गिळल्या असत्या. मी दोन दिवस काढले. गुरुवारी सकाळी चिऊ पुन्हा ओकली, तेव्हा संध्याकाळी कोरा फॉर्म घेऊन मी खालच्या मजल्यावर गेले.

धाकटी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "घ्या ना ताई, झेरॉक्स ठेवलीय मी," म्हणाली आणि लगेच काढून दिली. एवढ्या सहजपणे दिली याचाही मला राग आला.

सहा पानं, बारीक अक्षरात. 'बटणं खालीवर लावतो. घड्याळ कळत नाही. शाळेत दारावरची पाटी वाचता आली नाही, मुलींच्या संडासात गेला. पोरं हसली. तेव्हापासून शाळेत पाणी पीत नाही.'

"अगं, असं कुणी लिहितं का आपल्याच पोराबद्दल? लोक काय म्हणतील?"

"ताई, गोदामात खोका फुटून आला तर 'फुटका' असं लिहूनच ताब्यात घ्यायचा. नाही लिहिलं तर तो आपल्याच हातून फुटला असं धरतात." तिने शर्टाची बाही आत घातली. "मला एवढंच लिहिता येतं."

पाचव्या पानावर होतं, 'घरात त्याच्याच वयाची चुलत बहीण आहे. ती घडाघडा वाचते. सगळ्यांसमोर मी त्यालाही वाचायला बसवलं. जमलं नाही म्हणून पट्टीने मारलं. तेव्हापासून तो स्वतःला गाढव म्हणतो. चूक माझी आहे.'

मी ते दोनदा वाचलं.

"ते राहू द्या," ती म्हणाली. "तेव्हा मला तुमचा फार हेवा वाटायचा, ताई. खोटं कशाला बोलू? चिऊ वाचायला लागली की माझ्या पोटात आग पडायची. वाटायचं, हिच्या पदरात सगळं, आणि माझ्या पोराने काय पाप केलं?"

लाज वाटते सांगायला, पण क्षणभर मला बरं वाटलं. इतके दिवस मी जिच्यावर जळत होते, ती माझ्यावर जळत होती. मग आतल्या खोलीतून गुंड्याचा आवाज आला. तो बाईंनी दिलेला शब्द एकेक अक्षर लावून म्हणत होता, चुकत होता, पुन्हा म्हणत होता.

"चिऊला वाचता येत नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"पाठ असतं सगळं. मी करून घेते. पान कुठे उलटायचं तेसुद्धा."

तिने शर्ट खाली ठेवला. "कधीपासून?"

"तीन वर्षं झाली."

"मी त्याला मारलं तेव्हा तू इथेच बसली होतीस." लग्न होऊन आल्यापासून तिने मला कधी एकेरी हाक मारली नव्हती.

"हो."

"चिऊ तुझ्या मांडीवर होती."

"हो."

"पट्टी मोडली माझी. तू तेव्हाही बोलली नाहीस."

मला तेव्हा अभिमान वाटत होता, एवढंच आठवत होतं. आता ही मला घराबाहेर काढणार असं वाटलं, आणि काढलं असतं तरी चुकलं नसतं. पण तिने पेन आणलं आणि माझा कोरा फॉर्म टेबलावर सरळ केला.

"लिही."

"उद्या सकाळी लिहून..."

"आत्ता. माझ्यासमोर. आणि मोठ्याने वाचत लिही." तिने आतल्या खोलीकडे तोंड केलं. "गुंड्या, बाहेर ये. काकू काय वाचतेय ते ऐक."

तो वही घेऊन दारात आला. मी लिहू लागले आणि वाचू लागले. 'माझ्या मुलीला वाचता येत नाही. तीन वर्षं मी ते लपवलं. ती वाचायची ते सगळं तोंडपाठ होतं.' धाकटी हटायला तयार नव्हती, तिने ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं.

गुंड्या टेबलापाशी आला. माझ्या हाताखालच्या ओळींवर वाकून त्याने बोट ठेवलं, सरकवलं, आणि मध्येच थांबला. मग माझ्याकडे न बघता आईला म्हणाला,

"तू बघ ना गं. काकूने खरंच तसं लिहिलंय का?"