सरांचा अंगठा

आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात स्लाइड दाबायचा मान पाटोदकर सरांचा. विद्यार्थ्यानं बाजरीच्या कोवळ्या फुलातला परागकोश काढावा, लाल रंगात चुरावा, वर पातळ काच ठेवावी आणि बाजूला व्हावं. मग सर टिपकागदावरून अंगठा दाबत. उद्घाटनाला नारळ फोडायला थोरल्यांनाच पुढं करतात, तसं.

सुलेखाच्या प्रबंधाचा दावा सरळ होता. परागकण तयार होताना बाजरीची चौदा गुणसूत्रं आधी सात जोड्या जमवतात. तिच्या वाणात एक जनुक बिघडलंय, म्हणून जोड्या जमतच नाहीत. कन्नडच्या कॉलेजातली तिची नोकरी आजच्या तोंडी परीक्षेवर अडून होती.

बाहेरगावच्या परीक्षक चारुता मॅडम फोटोंवर समाधान मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी स्लाइड समोर करायला सांगितली, आधी निरोगी रोपाची.

सरांनी बाही सारली आणि दाबलं. मॅडमनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं, मग सुलेखाला पाहू दिलं. पेशी फुटलेली, आणि निरोगी रोपाचीही गुणसूत्रं चौदा दिशांना.

"मग जोड्या मोडतंय कोण?" मॅडमनी विचारलं. "जनुक, की अंगठा?"

प्रबंधातला निरोगी रोपाचा देखणा फोटो सर पाचोडला लग्नाला गेले होते त्या दिवशीचा, तिनं स्वतः दाबलेल्या स्लाइडचा होता. हे सांगायची सोय नव्हती.

बिघडलेल्या रोपाची फुलं बाटलीत एका स्लाइडपुरती उरली होती. ती स्लाइड तयार झाली, तसे सर हात पुसत पुढं आले. सुलेखानं काच त्यांच्यासमोरून ओढून घेतली.

"सर, ही मी दाबते."

सरांनी आठवण करून दिली, की या अंगठ्याखालून अकरा डॉक्टर बाहेर पडलेत.

"व्हय सर," ती म्हणाली आणि हलकेच दाबलं.

आता पेशी अख्खी हवी होती आणि जोड्या नको होत्या. दोन्ही एकदम. मॅडम भिंग फिरवत राहिल्या. सुलेखानं टेबलाची कड धरली. सर छताचा पंखा पाहत होते.

"पेशी शाबूत," मॅडम म्हणाल्या. "चौदाच्या चौदा सुटी. जनुकच आहे."

चहाच्या वेळी सरांनी मॅडमना समजावलं, की हात हलका हवा हे ते पोरांना वर्षानुवर्षं सांगतायत. मग सुलेखाला बाजूला घेऊन आवाज उतरवला. जोड्या न जमवणाऱ्या ज्या दोन वाणांवर त्यांना प्रोफेसरपद मिळालं, त्यांचं बी अजून फ्रीजमध्ये होतं.

"तुझ्या हातानं एकदा बघायचं का?"

"सर, तुमची रिटायरमेंट कधीये?"

"मार्चला."

"मग तेवढं थांबू."