दमलेल्या माणसाचा पार्ट

झहीरसारखा दमलेला माणूस मी अख्ख्या खालापूर तालुक्यात दुसरा पाहिला नाही, आणि कर्जत तालुका त्यात धरला तरी नाही. रसायनीच्या एका कंपनीत पाळी संपवून तो स्कूटरवर निघाला की त्याची सावली मागे राहायची. तिला चालवतच नसे. हा आमच्या चौक गावाला पोचून चहा पिऊन मोकळा व्हायचा, तेव्हा कुठे ती बिचारी रस्त्यानं खुरडत यायची. एकदा तो आमच्या नाटकाच्या तालमीला येऊन दाराला टेकला, तर चौकटीनंच जांभई दिली. तेव्हापासून ते दार नीट लागत नाही. खोटं वाटत असेल त्यानं चौकला येऊन दार लावून बघावं.

तालमी आम्ही चौकच्या बंद पडलेल्या भातगिरणीत करतो. मंडळ हौशी, आणि नाटकं करतो अमेरिकेतल्या काळ्या लोकांची. कर्जतला लग्नाच्या गोंधळाची विनोदी नाटकं चालतात हे आम्हालाही कळतं. पण आमच्या माधवीबाई कॉलेजात इंग्रजी शिकवतात, त्या ही नाटकं मराठीत आणतात आणि बसवतातही. त्या म्हणतात, "ही माणसं कामावरून येतात, ओट्यावर बसतात आणि बोलतात. आपल्याकडे दुसरं काय चालतं?" पहिल्या वर्षी आमचा रंगभूषावाला पोपट काळ्या रंगाचा डबाच घेऊन आला होता. बाईंनी त्याला दारातच अडवलं. "माणसं उभी करायचीत पोपट, सोंगं नाही." पोपटनं आम्हा सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाला, "तसा बी रंग वायाच गेला असता."

यंदाचं नाटक आगगाडीतल्या एका नोकराचं. गोऱ्या उतारूंच्या गाद्या घालायच्या, त्यांचे बूट पुसायचे आणि दिवसभर हसतमुख राहायचं, ही त्याची नोकरी. पहिल्या प्रवेशात तो घरी येतो. बायको विचारते, "दमलास?" तो म्हणतो, "नाही गं." मग खुर्चीत बसून बूट काढतो. एवढंच. पण झहीर त्या नाडीच्या गाठीकडे असा बघायचा, जसा माणूस खोपोलीत उभा राहून बोरघाटाकडे बघतो. सगळं नाटक त्या बुटांवर उभं होतं. रसायनीच्या खेळाला तर लोकांनी नकळत आपापल्या चपला काढल्या, आणि खेळ सुटल्यावर अर्धं गाव दुसऱ्याच्या चपलांत घरी गेलं.

बायकोचं काम छायाचं. ती अंगणवाडी सेविका. मी शेजारचा म्हातारा. मला एकच वाक्य, "आज तुमच्या घरात आवाज कसा नाही?" माझ्या वयाला तेवढंच पेलतं.

एवढं नाव झालं, पण झहीरची बायको झोहरा काही नाटक बघायला येईना. तो दर खेळाला सांगायचा, ती दर खेळाला नाही म्हणायची. शेवटी मी खालापूरला त्यांच्या घरी गेलो.

"काका, तिकडं काय करतात हे?" तिनं चहा ठेवता ठेवता विचारलं.

"दमलेल्या माणसाचं काम करतो. फार झकास करतो."

"मग त्याच्यासाठी कर्जतला कशाला येऊ? तो माणूस मी घरात रोज फुकट बघते. येतो, बूट काढतो, झोपतो. मधी बोलत पण नाय."

झहीर ओट्यावर बसून ऐकत होता. मला सोडायला स्कूटरपर्यंत आला तेव्हा म्हणाला, "काका, तिनी एकदा बघायला पायजे. तिला वाटतं मी निसता लोळतो. हॉलमधली माणसं कशी गप होतात ते तिनी एकदा बघितलं ना, मग नाटक सुटलं तरी चालंल मला."

मी झोहराला इतकं पिडलं, इतक्या थापा मारल्या, की कंटाळून ती कर्जतच्या खेळाला हो म्हणाली.

आणि नेमका त्याच आठवड्यात कंपनीनं शटडाऊन घेतला. यंत्रं धुवायची, तपासायची, कंत्राटी माणसांनी घरी बसायचं. झहीर घरी जाऊन झोपला. असा झोपला की चिमण्यांनी त्याच्या उशाशी घरटं बांधून पिल्लं उडवलीसुद्धा. उठला तेव्हा गाल वर आलेले, डोळे धुतल्यासारखे. तालमीला आला तर मी विचारलं, "कोण रं तू?"

माधवीबाईंनी पहिला प्रवेश लावला. छायानं विचारलं, "दमलास?" हा म्हणाला, "नाही गं," आणि नदीत उडी मारायला निघालेल्या पोरासारखे बूट उडवले. एक बूट पोपटच्या डब्यात पडला.

"झहीर," बाई म्हणाल्या, "दमायचंय रे."

"दमतोय ना बाई."

"नाही दमत आहेस. नाचतोयस."

मग आम्ही त्याला दमवायला घेतलं. मी त्याला स्कूटर ढकलत घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत नेलं. गाणं म्हणत परत आला. पोपटनं त्याच्याकडून विटा वाहवल्या, तर दंड फुगले. पोपटनं डोळ्यांखाली काळं लावलं, तर तो रामलीलेतला राक्षस दिसायला लागला. कष्टानं माणूस दमतो हे कुणी पसरवलंय कोण जाणे. दमायला वर्षं लागतात, आणि रोज त्याच दारातून आत जावं लागतं.

"काका," खेळाच्या दिवशी झहीर म्हणाला, "आजच ती येनार आणि आजच माज्या अंगात काय नाय."

कर्जतच्या शाळेचा हॉल संध्याकाळी भरला. झोहरा बायकांच्या रांगेत, पदर घट्ट धरून, बाजारात वस्तू पारखायला आल्यासारखी. छाया अगदी पडद्याच्या वेळेला पोचली. दिवसभर वाड्यावाड्यांतून पोलिओचे डोस पाजून आली होती. साडी बदलली, चेहरा तोच राहिला. पोपट म्हणाला, "रंग लावू?" ती म्हणाली, "लाव. पन मला बोलायला लावू नको."

पडदा उघडला. झहीर दारातून आला. आमची छाया पातेलं धरून उभी.

"दमलास?"

"नाही," झहीर म्हणाला, आणि थांबला. कारण ते खरं होतं. त्याला बहुतेक पहिल्यांदाच कळलं की हे वाक्य खरंही असू शकतं. आता बसायचं, बुटांना हात घालायचा. तो बसलाच नाही. छायाकडे बघत राहिला. तिनं पातेलं कमरेवर टेकवलं होतं.

"तू दमलीस का गं?" त्यानं विचारलं.

हे वाक्य नाटकात नव्हतं. विंगेत माधवीबाईंनी कपाळ धरलं. छायानं आधी विंगेकडे पाहिलं, मग झहीरकडे.

"हो," ती म्हणाली. पातेलं त्याच्या हातात दिलं आणि त्याच्या खुर्चीत बसली.

ती बसली ती बसलीच. पुढचं तिचं वाक्य होतं, "तू बस, मी वाढते." ती म्हणाली, "तू वाढ, मी बसते." झहीर डावानं रस्सा वाढायला लागला. निम्मा टेबलावर सांडला. मागच्या रांगेतून एक म्हातारी ओरडली, "बसू दे रं तिला! उठवू नको!" मी माझ्या वेळेला आत गेलो आणि विचारलं, "आज तुमच्या घरात आवाज कसा नाही?" आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वाक्याला टाळ्या पडल्या. तीन अंक छायानं खुर्चीतूनच केले.

खेळ सुटल्यावर माधवीबाई कपड्यांच्या पेटीवर बसल्या होत्या. रागवायलाही त्यांच्यात त्राण नव्हतं. "सगळं वाकडं केलंत," एवढंच म्हणाल्या. छाया खुर्चीत गाढ झोपली होती, तिला कुणी हलवत नव्हतं.

झोहरा विंगेत आली. झहीर बूट घालूनच उभा होता. आज ते काढायचेच राहिले होते.

"बिघडलं," तो म्हणाला. "रोज असं नाय होत. रोज लोक कसे गप होतात, तुला दावायचं होतं."

"डाव असा धरतात?" ती म्हणाली. "सगळा रस्सा सांडलात."

"तेच सांगतोय. बिघडलं."

झोहरा माझ्याकडे वळली. "काका, तुमी थाप मारलीत. म्हणालात, दमलेल्या माणसाचं काम करतात. हा तर कुनी दुसराच होता. आमच्याकडं येत नाय हा."

"परवापासनं पाळी चालू," झहीर म्हणाला.

"मंजे उद्या मोकळे हाय तुमी."

"हाय."

"आनि पुढचा शटडाऊन?"

"तो आता वर्सानं."

"मग वर्सानं लावा खेळ," झोहरा म्हणाली आणि पदर सारखा करून स्कूटरकडे निघाली. "मी येईन."