ताणावर सोडलेली बाग

हे लिहायचं नाही असं जवळजवळ ठरलंच होतं. कडूबाच्या आयुष्यात लिहिण्यासारखं आहे तरी काय? राजूरच्या रस्त्याला एक मोसंबीची बाग, तिच्यात राबणारा एक माळी, आणि एक कडक हिवाळा. एवढंच. पण पौषातला गारठा सुटला की ती बाग डोळ्यापुढून हलत नाही. म्हणून लिहून टाकतो.

“कडूबा, लेका, तुझी विहीर उकळून राह्यली,” भुजंग म्हणाला.

सूर्य नुकताच वर आला होता. दोघं विहिरीच्या काठावर उकिडवे बसले होते, आणि विहिरीतून खरंच वाफ निघत होती. वरची हवा इतकी गार, की खालचं पाणी तिच्यापुढं कोमट. कडूबा तिकडं बघत नव्हता. महिनाभर तो विहिरीकडं बघायचंच टाळत होता.

भुजंग त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. बैलगाडीवर जालन्याहून माल भरायचा, राजूरच्या दुकानात नेऊन टाकायचा, आणि जाता-येता मालकाचे निरोप बागेत सांगायचा. मालक म्हणजे मार्तंडराव. ते जालन्याला राहायचे, बागेत सणासुदीलाच यायचे.

“रात्री काय झालं ते चल दाखवतो,” कडूबा म्हणाला आणि त्याला ओढ्याच्या अंगाला घेऊन गेला. तिथली खालची ओळ एका रात्रीत करपली होती. पानं शेकोटीवर धरावीत तशी कडेने तांबडी झाली होती. कडूबाने एक पान तोडलं, मुठीत धरलं. त्याचा चुरा झाला.

“आज रात्री आणखी पडंल गारठा,” भुजंग म्हणाला. “माझी बैलं बी रात्री उभी थरथरून राह्यल्ती.”

“हाव.”

“मंग देना पाणी. ओली जमीन गारठा खाते, हे का मी तुला सांगू? राजूरला माल टाकून सांजच्याला येतो. बैलं मोकळीच हायेत. मोट जुंपू, सकाळपावतर अर्धी बाग भिजंल.”

कडूबाने मुठीतला चुरा मातीत झटकला.

मोसंबीचं असं असतं. ऐन हिवाळ्यात झाडाचं पाणी तोडायचं. बुंध्याभोवतीची आळी कोरडी ठेवायची, पानं सुकेपर्यंत झाडाला तहानलेलं ठेवायचं. माघात पाणी सोडलं की मग ते अंगभर फुलतं. याला बाग ताणावर सोडणं म्हणतात. मधेच पाणी मिळालं तर झाड फुलाचं विसरतं आणि नुसती पालवी काढत बसतं.

ही बाग कडूबाने लावली होती. पोलीस ॲक्शन झाली त्याच्या पुढच्या वर्षी, रझाकारांची भीती पुरती गेली नव्हती तेव्हा. रोपं त्याने डोक्यावरून आणली होती. झाडं भरात आली, पण पहिल्या बहाराला ताणातच अवकाळी पाऊस पडला. गेल्या वर्षी पाऊस नव्हता, पण कडूबालाच राहवलं नाही. लोंबलेली पानं बघून त्याने वेळेच्या आधी मोट जुंपली. बाग हिरवीगार झाली आणि फूल मूठभर आलं.

“मालकाचा निरोप हाय,” भुजंग जरा थांबून म्हणाला. “पाण्याला हात लावायचा न्हाई म्हणले. आवंदा फूल न्हाई आलं तर बाग उपटायची अन् कपाशी लावायची. बिलकुल पक्कं म्हणले.”

“ठावं हाय मला.”

“पाणी दिलं तर फूल न्हाई. न्हाई दिलं तर झाडच न्हाई. तू करणार काय?”

“धूर करतो,” कडूबा म्हणाला. “रातभर धूर धरून ठेवतो बागेवर.”

“अन् जाळशील काय?”

हा सवाल बरोबर होता. कपाशीच्या जुन्या पऱ्हाट्या चुलीत जाऊन संपल्या होत्या, आणि यंदाची कपाशी अजून रानात उभी होती.

कडूबाची बायको द्वारकाबाई खोपीच्या दारात उभी राहून हे ऐकत होती. तिला खोकला होता. थंडीत तो वाढायचा, उन्हाळ्यात बसायचा, आणि दर हिवाळ्यात आधीपेक्षा खोल जायचा. खोप म्हणजे चार मेढी, वर गवत, आणि चारी बाजूंनी पऱ्हाट्यांचा शेणाने लिंपलेला कूड. कूडातून वारा शिट्टी घालायचा.

“भावजी, वाटूरला गेल्ते का इतक्यात?” तिने विचारलं.

“गेल्तो की, वैनी. तुमच्या भावाचं हॉटेल झ्याक चाललंय फाट्यावर. मोटार थांबली की च्या, मोटार थांबली की भजे. मागची खोली बांधून झाली. म्हणला, ताई अन् दाजी कव्हा येऊन राह्यले?”

“भिंती कशाच्या हायेत?”

“मातीच्या. हात-हातभर जाड.”

द्वारकाबाई नवऱ्याकडं बघून हसली. “ऐकलं का? हातभर जाड.”

“बहार येऊ दे, मंग जाऊ,” कडूबा म्हणाला.

“आला. सात सालांपासून येऊनच राह्यलाय.” ती खोकत आत गेली.

भुजंगाने बैलांच्या पाठीवर थाप मारली आणि गाडी रस्त्याला लावली.

तो सारा दिवस कडूबाने जळण गोळा केलं. बांधावरचं वाळकं गवत कापलं. ओढ्यातला पालापाचोळा पोत्यात भरून आणला. द्वारकाबाईने थापून ठेवलेल्या गोवऱ्या नेल्या, तेव्हा ती म्हणाली, “चुलीला दोन ठेवा, उपकार होतील.” त्याने दोन ठेवल्या. दुपारी त्याने कुंपणाला हात घातला. बोरी-बाभळीच्या फांद्यांचं ते कुंपण त्याने सात वर्षं डागडुजी करून जपलं होतं. रस्त्याकडचं फाटकही काट्याचंच होतं. ओढून ओढून त्याचे हात रक्ताळले. संध्याकाळपर्यंत बागेच्या तीन बाजूंना ढीग लागले.

चौथी बाजू वाऱ्याची होती. तिकडूनच गारठा येणार होता आणि तिकडंच ढीग नव्हता.

दिवस बुडाला. भुजंगाची गाडी परत आली. बैलं सोडून त्यांच्या अंगावर पोती टाकताना त्याने पाहिलं, कडूबा बागेच्या मधोमध उभा आहे आणि खोपीकडं बघतोय.

चुलीपाशी बसलेल्या द्वारकाबाईनेही पाहिलं.

“कूड बघून राह्यले काय?” तिने विचारलं.

“न्हाई.”

“मला शिकवू नका. नवी लुगडी बघावी तसे बघून राह्यले.”

कडूबा जवळ येऊन उभा राहिला. खोपीच्या उजेडात त्याचे हात काळे दिसत होते. “आजची रात निघाली पाहिजे,” तो म्हणाला. “आज झाड गेलं, तर मंग माघात पाणी कोणाला सोडू?”

“अन् मी गेले तर?”

भुजंग मधे पडला. “कडूबा, अजून बी सांगतो, मोट जुंप. मालकाला म्हण, भुजंगानं जुंपली. मी घेतो माझ्या अंगावर.”

“मालकाला काय बी सांगता येईल. झाडाला काय सांगू?”

“तू येडा हायेस.”

“हाव.”

चुलीवरची भाकरी करपली. द्वारकाबाईने ती उतरवली, तवा बाजूला ठेवला, आणि उठून आतलं सामान बाहेर आणायला लागली. गोधडी, दोन पातेली, देवाचा टाक, कंदील. सगळं भुजंगाच्या गाडीत ठेवलं. मग ती कूडाला पाठ लावून उभी राहिली, शेवटची.

“काढा,” ती म्हणाली. “मी न्हाई म्हणत न्हाई. सात साल म्हणले न्हाई, आता काय म्हणू? पण सकाळी मी इथं ऱ्हाणार न्हाई. भावजीच्या गाडीत जालन्याला, तिथून मोटारीनं वाटूरला. हे बी आत्ताच ऐकून घ्या.”

कडूबाने मान हलवली. होय की नाही ते कळलं नाही. मग ती बाजूला झाली, आणि त्याने कूडात हात घातला. लिंपण खाली पडायला लागलं. त्यावर तिच्या बोटांचे वळ होते, दर दिवाळीला ओढलेले.

उजाडलं तेव्हा बाग धुरात बुडालेली होती. राजूरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या बाया थांबून बघत होत्या, आग लागली का म्हणून. कडूबा एकेका झाडाखाली जाऊन पानं चाचपत होता. पानं मऊ होती. कोमेजलेली, तहानलेली, पण जिवंत. वाऱ्याच्या बाजूचीसुद्धा. कालची करपलेली ओळ सोडली, तर एकही झाड गेलं नव्हतं. त्याचे डोळे धुराने सुजले होते. एवढी चांगली बातमी आणि ती सांगायला तो खोपीकडं वळला, तर खोपीला आतबाहेर उरलं नव्हतं. चार मेढी आणि वर गवत. पलीकडचा रस्ता आरपार दिसत होता.

द्वारकाबाई रात्रभर गाडीत गोधडीखाली बसून होती. तिने तोंड धुतलं, केस बांधले. खोपीच्या कोपऱ्याला एक झाड होतं, त्याला कधी ताण बसला नव्हता. सात वर्षं तिच्या भांड्यांचं, आंघोळीचं पाणी त्यालाच जायचं. ते बारा महिने हिरवं असायचं आणि त्याला कधीच धड बहार यायचा नाही. कडूबा त्याला लाडावलेलं म्हणायचा. निघताना घागरीत थोडं पाणी उरलं होतं. तिने ते सवयीने त्याच झाडाच्या बुंध्याला ओतलं. ओतून झाल्यावर तिच्या लक्षात आलं आणि तिने कडूबाकडं पाहिलं.

“असू दे,” तो म्हणाला.

“जगली का?”

“जगली.”

“बरं झालं,” ती म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं. मग गाडीत चढली आणि घागर मांडीवर घेऊन बसली.

गाडी हलली. कडूबा चाकाला हात लावून बाजूने चालत होता. फाटक होतं त्या जागी आता राखेचा एक पट्टा होता. फाटकही नव्हतं आणि कुंपणही नव्हतं, कुठूनही बाहेर पडता आलं असतं. कडूबा बरोबर त्या राखेपाशी थांबला. त्याचा हात चाकावरून सुटला.

भुजंगाने कासरा ओढला. गाडी चार पावलांवर उभी राहिली. तो खाली उतरला आणि मागं आला.

“चल ना,” तो हळू आवाजात म्हणाला. “एक दिवसानं काय होतं? मोटारीत बसवून दे तिला. सांजच्याला सोडतो तुला परत.”

“आज रातीला पुन्हा पडंल गारठा.”

“अन् आता काय जाळशील?”

कडूबाने खोपीकडं पाहिलं. वरचं गवत होतं अजून.

भुजंगाला ते कळलं. तो शिवी देणार होता, पण दिली नाही. “तुझा वायदा मला पाठ झालाय,” तो म्हणाला. “बहार आला की येतो. फूल धरलं की येतो. तिच्या भावाला हेच सांगू का?”

“न्हाई. ते नको सांगू.”

“मंग?”

कडूबा राखेच्या अलीकडं उभा होता, अनवाणी. गाडीत द्वारकाबाई पाठमोरी बसली होती. खोकल्याने तिचे खांदे हलत होते. धूर रस्त्यापर्यंत आला होता.

“माघात पाणी सोडतो,” तो म्हणाला. “सगळी आळी भरली की दुसऱ्या दिवशी निघतो. फुलाला थांबत न्हाई.”

“अन् फूल आलं तर कोण बघंल?”

“बघंल कोणी बी. मी वाटूरच्या फाट्यावर असंन.”

“हे तिला सांग की मंग.”

“तिला लई डाव सांगितलं,” कडूबा म्हणाला. “म्हणून तुला सांगून राह्यलो, भुजंगा. फूल धरो, न धरो. मी येतो.”