सासूबाईंचे गुडघे

खोटं बोलायला नयनाला फार वेळ लागला नाही. केंद्रप्रमुखांनी फोनवर विचारलं, "बाई, वडपाड्याच्या शाळेवर दोन महिने कामगिरीवर जाता का?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "गेले असते हो सर, पण सासूबाई गुडघ्यांमुळे अंथरुणावर आहेत."

सासूबाई, म्हणजे आनंदीबाई, त्या वेळी गच्चीवर पापड वाळत घालत होत्या.

२०१९चा फेब्रुवारी होता. नोव्हेंबरपासून तलासरीकडची जमीन थांबून थांबून हादरत होती. टेकडीवरच्या वडपाड्यात माणसं अंगणात निजत, शाळा झाडाखाली भरे, आणि नवे गुरुजी आजारपणाची रजा टाकून गेले होते. नयनाने त्या शाळेत सहा वर्षं काढली होती. आदल्या वर्षी बदलीचा ऑनलाइन फॉर्म आला, तेव्हा तिने पहिल्याच रकान्यात डहाणूची शाळा भरली. नवरा हितेश इथे स्टेशनवर नोकरीला, आणि समुद्र घरापासून पाच मिनिटांवर. संध्याकाळी सुरूच्या झाडांखालून चालताना तिला वाटे, हे आपण कमावलंय. हादऱ्यांना ती भ्याली नव्हती. ते डहाणूलाही बसत. पुन्हा दोन बस आणि वर तो चढ, एवढंच तिला नको होतं.

रविवारी सकाळी बेल वाजली. दार आनंदीबाईंनीच उघडलं, एका हातात भरलेली बादली. बाहेर ठकी उभी होती. वडपाड्याच्या शाळेत खिचडी शिजवणारी. ती सगळ्यांनाच अगंतुगं करायची.

"नयनाबाईची सासू कुठं हाय? अंथरुणात हाय ना ती? केंद्राच्या सरांनी सांगितलं. तेल आणलंय, मोहाच्या बियांचं."

स्वयंपाकघराच्या दारात नयना जागच्या जागी थिजली. आनंदीबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग बादली खाली ठेवली आणि चौकट धरली.

"मीच ती. आज जरा उठलेय."

"मग बादली कशाला उचलतेस? सून काय शोभेला आणलीस?"

"हो बाई, शोभेलाच," आनंदीबाई म्हणाल्या, आणि लंगडत पलंगापर्यंत गेल्या.

ठकीने खाली बसून त्यांचे पाय मांडीवर घेतले. तेल चोळता चोळता ती बोलत राहिली. हादरा आला की पोरं ओरडत उठतात. मग त्यातलंच एक बाकीच्यांना सांगतं, काय नाय, खालचे खडक सरकले, बाईनं शिकवलंय.

"अजून किती सरकणार ते पण बाईला विचारा, म्हटलं मी त्यांना."

"ते मलाही माहीत नाही गं," नयना म्हणाली. "कुणालाच सांगता येत नाही."

"नसू दे. पण माहीत नाही, एवढं तरी कुणी वर येऊन सांगितलंय का आम्हाला?"

नयनाने चहा केला. ठकीने तो बशीत ओतून प्यायला, तेलाची बाटली उशाशी ठेवली आणि बाराच्या बसला निघाली. उंबऱ्यात थांबून म्हणाली, "मी विचारायला आले होते, येशील का म्हणून. पण तू हिला टाकून येऊ नको. म्हातारं माणूस हाय."

ती गेल्यावर आनंदीबाई उठून बसल्या. पदराने पायांचं तेल टिपू लागल्या.

"आई, मी..."

"मला काही सांगू नकोस. ती एवढी उतरून आली होती. तिच्या तोंडावर तुला खोटी पाडायची माझी छाती झाली नाही, इतकंच." तेल टिपून झाल्यावर त्या म्हणाल्या, "हितेशचा डबा मी करीन. जा तू वडपाड्याला."

कपबशा विसळून अर्ध्या तासाने नयनाने केंद्रप्रमुखांना फोन लावला. जाते, एवढा एकच शब्द तिने मनात धरला होता.

"बाई, तुमची काळजी मिटली," तिने तोंड उघडायच्या आतच केंद्रप्रमुख म्हणाले. "आत्ताच ठकीचा स्टँडवरून फोन होता. स्वतःच्या डोळ्यांनी म्हातारी बघून आले म्हणाली, बाईंना बोलावू नका, दुसरं कुणी बघा. सायवनच्या एका सरांना विचारलं, ते तयार झाले. उद्या हजर होतील."

नयनाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कशा आहेत आता सासूबाई?"

आनंदीबाईंनी बादली उचलली होती आणि त्या मोरीकडे निघाल्या होत्या, रोजच्यासारख्या ताठ.

"आहेत तशाच," नयना म्हणाली.