पडीक माळावरची सरडी

शेखरभाऊंना आमच्या माळावर झाडं लावून काय मिळणार होतं, ते आधी सांगते. पाटीवर स्वतःचा फोटो, शहरातल्या गंगापूर रोडवरच्या मित्रमंडळींत ‘निसर्गप्रेमी’ म्हणून नाव, आणि माळाला लागून पाडलेल्या त्यांच्या प्लॉटांना हिरव्या टेकडीचा शेजार. एका सकाळीत एवढं पदरात पडत असेल तर कोण सोडेल?

मित्रांनो, मी एक म्हातारी सरडी आहे. चांदवडचा घाट उतरून मालेगावकडे निघालात की बाजूला एक बोडका, दगडांचा माळ दिसतो. तिथेच जन्मले आणि दोन उन्हाळे पाहिले. हसू नका, आमच्यात एवढ्यालाच म्हातारपण म्हणतात. झाडावर चढणारे सरडे वेगळे. आम्ही जमिनीवरचे, आम्हाला सावली सोसत नाही. अंगात ऊन भरल्याशिवाय आमचे पाय चालत नाहीत, आणि आमची अंडीही तापलेली मातीच उबवते.

माझा जोडीदार एका पसरट काळ्या दगडावर राहायचा. वैशाखात त्यावर चढून तो गळ्याखालचा पंखा उघडायचा. निळा, काळा, केशरी! ऐट केवढी, आणि मालमत्ता म्हणाल तर तो एक दगड. पण दगड नसलेल्या नराकडे आमच्यात कुणी वळूनही बघत नाही. तुमच्यातही म्हणे हल्ली मुलाचा फ्लॅट आधी विचारतात.

पाऊसकाळाच्या तोंडाला मी त्या दगडाजवळ माती उकरून पाच अंडी पुरली. माझी ती शेवटचीच. म्हातारी सरडी पुढचा उन्हाळा धरून चालत नाही.

त्याच दिवसांत शेखरभाऊ जागा बघायला आले. सोबत सरपंच खंडेराव.

“सरपंच, इथे आत्ता काय आहे?”

“काय नाय भाऊ. पडीक हाय सगळं, आज्या-पंज्यापासून.”

“म्हणजे कुणाचं नुकसान नाही.”

“नुकसान व्हायला हितं ऱ्हातंय कोन? सरडे?”

दोघं खो-खो हसले. मी समोरच बसले होते. पडीक हा फार सोयीचा शब्द आहे. जिथून माणसाला काही काढून नेता येत नाही ती जागा पडीक. आणि एकदा तसं म्हटलं की तिथे राहणारे आपोआप दिसेनासे होतात.

मग एक दिवस शाळेची बस आली. मुलांच्या डोक्यावर हिरव्या टोप्या. खड्डे मात्र गावातली साळूबाई खणत होती. मुरमाड जमीन, कुदळ नुसती ठणठणायची.

“साळूबाई, आटप! पाव्हणे खोळंबलेत,” खंडेराव ओरडले.

“मंग या की, तुमीच हाना चार घाव! निस्ता दगूड हाय ह्यो.”

एवढ्यात तिला मऊ माती लागली. “हितं बगा, लय भुसभुशीत हाय!” मऊ असणारच. ती मी उकरली होती.

अंडी वर आली. “मावशी, थांबा! अंडी आहेत!” सातवीतली आरोही पुढे धावली.

“हात नको लावू गं पोरी, पालीची हायेत. इख असतं त्यात.”

आमच्यात विष नसतं, पण आम्हाला कोण विचारतो? आरोही मात्र घाबरली नाही. तिने अंडी टोपीत घेतली. “उन्हात वाळतील बिचारी,” म्हणत तिने ती रोपाखाली, आळ्यातल्या गार चिखलात ठेवली. वर पाला पांघरला आणि बाटलीतलं पाणी हळूच शिंपडलं. मी बिळाच्या तोंडाशी बसून बघत होते. त्या दिवशी माळावर आमची कणव आलेलं एवढं एकच माणूस होतं, आणि माझी अंडी त्याच माणसाच्या हातून गेली.

जोडीदाराचा दगडही आळ्याभोवती लागला, चुना फासून. बिचारा त्या पांढऱ्या दगडावर चढला आणि सवयीने पंखा उघडला. कोतवाल पक्ष्याला पूर्वी आमच्या माळावर बसायला उंच जागा नव्हती. आता रोपांभोवती लोखंडी पिंजरे होते. कोतवाल तिथूनच त्याच्यावर झेपावला.

श्रावण सरता सरता आरोही तिच्या तृप्तीबाईंबरोबर पुन्हा आली. पाला बाजूला केला. अंड्यांवर बुरशी होती.

“बाई, मी रोज येऊन पाणी घातलं असतं तर वाचली असती का हो?”

“वाचली असती बाळा,” बाई म्हणाल्या. “पुढच्या वर्षी आपण अजून झाडं लावू हं.”

मित्रांनो, झाडं जरूर लावा. पण आधी खाली वाकून बघा, तिथे कुणी राहत असेल. उघड्या माळालाही माळच राहू द्या. दया करायची तर आधी ज्याच्यावर करायची, त्याला काय हवं ते बघा.

बाकी हिशेब सरळ आहे. पाटी शेखरभाऊंना मिळाली, शाल खंडेरावांना, दिवसाची मजुरी साळूबाईला, हिरव्या टोप्या तुमच्या मुलांना. भरणा आम्ही केला: एक नर, पाच अंडी. त्याची पावती कुणी फाडली नाही.